बंगल्यातली सून

डायलिसिसच्या खुर्चीत सासूबाईंचा डावा हात सुयांनी जखडलेला असायचा आणि तोंड मोकळं. सुनेला त्या तोंडाचीच धास्ती. मशीन सुरू झालं की यांची चौकशी सुरू. दूध कोणी उतू घालवलं, फोनवर इतका वेळ कोणाशी बोलत होतीस, पडदे धुवायला कधी टाकणार? सून बेकरीतली पहाटेची पाळी उरकून थेट इकडे यायची. केसांत मैदा, डोळ्यांत झोप. स्टुलावर बसून ती नुसती हं, हं करत राहायची.

एकदा तिनं पर्समध्ये एक व्हिडिओ गेम टाकून आणला. लेक शिकायला परगावी गेली तेव्हा तो घरीच राहिला होता. दोन्ही हातांत धरून खेळायचा, एवढासा. त्यात एक गुप्तहेर होता. बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकाला कोणीतरी विष दिलं होतं. खोल्याखोल्यांतून फिरायचं, वस्तूंवर बोट टेकवायचं, माणसांना प्रश्न विचारायचे आणि खुनी शोधायचा.

"काय टकटक लावलीयस?" सासूबाईंनी विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

"घरात कोण कोण होतं?"

"पुतण्या, डॉक्टर, माळी आणि सून."

"मग सूनच."

"आई, पुरावा लागतो."

"तर शोध की. तो ड्रॉवर उघड आधी."

तेव्हापासून खेळ लागला. सून बोट चालवायची, स्क्रीनवरचं वाचून दाखवायची, सासूबाई हुकूम सोडायच्या. गालिच्याखाली बघ, घड्याळामागं बघ. पडद्यांचा विषय मागे पडला तेवढंच बरं, असं सुनेला वाटायचं. पण बंगल्यातल्या सुनेची पाळी आली की सासूबाई ताठ व्हायच्या.

"'दुपारभर मी त्यांच्या उशाशी होते,'" सुनेनं वाचलं. "'जरा डोळा लागला, तेवढ्यात कोण येऊन गेलं ते कळलं नाही.'"

"डोळा लागला म्हणे! आजारी माणूस समोर असताना झोप येतेच कशी? धर तिला."

एके दिवशी त्या असंच काही सांगता सांगता मध्येच थांबल्या. सुनेनं वर पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, मान कलली होती. मशीन कोकलायला लागलं.

"दादा! लवकर या!"

मशीनवाला धावत आला. त्यानं खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, सलाईन सोडलं. सून सासूबाईंचे गार पाय हातात धरून उभी राहिली. गेम कधीच खाली पडून बंद झाला होता.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी डोळे उघडले. "सेव्ह केलं होतंस का गं?"

सुनेला आधी हसू आलं, मग रडू फुटलं, आणि ते थांबेना.

"अगं, गेम गेला म्हणून रडतेस?"

"नाही हो, आई. दमलेय मी."

घरी जाताना सासूबाईंनी एकही चौकशी केली नाही.

पुढच्या खेपेला खेळाला पुन्हा बंगल्याच्या फाटकापासून सुरुवात करावी लागली. तेच ड्रॉवर, तेच घड्याळ. सून वाचत होती, पण आवाजात जीव नव्हता. बंगल्यातली सून समोर आली. हिनं प्रश्नावर बोट ठेवलं.

"तिला नको विचारूस," सासूबाई म्हणाल्या. "बिचारीचं सांगून झालंय. माळ्याकडे चल."

सून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग गुप्तहेराला बागेत नेलं. माळ्यापर्यंत पोचेपोचेतो तिचीच मान भिंतीला टेकली, पापण्या मिटल्या.

सासूबाईंनी मोकळ्या हातानं तिच्या मांडीवरचा गेम उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरून पाहिला. अक्षरं काही लागेनात. तरी त्या अंगठ्यानं दाबत राहिल्या.

मशीनवाला आकडे बघायला आला. "आजी, बरं वाटतंय ना आज?"

"हळू बोल रे," त्या कुजबुजल्या. "झोपलीय ती."