जवसाचं चिलखत

“दम राख गं! हातपाय मारत सुटू नकोस. दम सरला की नदी जिंकली!”

वीस वर्षं झाली त्या आवाजाला. कृष्णेचं गढूळ पाणी, ब्राह्मीच्या पाठीला बांधलेला सुका भोपळा, आणि चार हातांवर गळाभर पाण्यात उभा राहून तिला बोलावणारा भाऊ, आर्जव. तो दहाचा, ती सहाची. पाणी विसरलं असेल, काठ विसरला असेल, ब्राह्मी नाही विसरली.

म्हणून त्या रविवारी सकाळी, साताऱ्यात गोडोलीच्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपच्या पडद्यावर एका अनोळखी माणसानं तिला लिहिलं, ‘आपण दम राखावा. दम सरला की डुक्कर जिंकले,’ तेव्हा तिच्या हातातला चहा हातातच निवला.

अडीच वर्षांपूर्वी आर्जव घर सोडून गेला होता. सांगलीजवळच्या गावात त्यांच्या वडिलांची, भूपालअण्णांची, हळदीची आडत. घर जैनाचं, दिवस मावळायच्या आत जेवणारं, जमिनीखालचा कंद चुलीवर न चढवणारं. त्या घरातल्या पोरानं कोंबड्यांच्या हॅचरीत नोकरी धरली. चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, पाचव्या दिवशी अण्णा आणि आर्जव बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, आणि संध्याकाळी आर्जवची खोली रिकामी होती. नंबरही बंद झाला. “गेला त्यो गेला. मागं वळून बघितलं न्हाई त्यानं,” विचारणाऱ्याला अण्णा एवढंच सांगत. ते वाक्य सुरू झालं की आई, कस्तुरी, पदर सावरत आत निघून जाई.

ब्राह्मीला भावाला एकच विचारायचं होतं. भांडण झालं, कबूल. पण एकदासुद्धा का नाही आलास? आईसाठी तरी?

तिच्या हातात धागा होता तो एवढाच. आर्जव एक खेळ खेळायचा. मोकळं अफाट रान, त्यात माणसाला उघडं-वाघडं सोडून द्यायचं. त्यानं लाकूड तोडावं, निवारा बांधावा, जनावरांपासून आणि रात्री उठणाऱ्या सांगाड्यांपासून जीव राखावा. आर्जवनं त्यात स्वतःचं एक रान उघडलं होतं आणि त्याचा पत्ता कधीकाळी बहिणीला पाठवला होता. ‘ये की एकदा, मजा येती.’ तेव्हा तिला वेळ नव्हता. आता ती साताऱ्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती, रविवार मोकळा होता, आणि भाऊ नव्हता. ती त्या रानात शिरली. सोंग घेतलं बाप्याचं, नाव घेतलं ‘लिंबोणी’. आपण कोण ते कळलं तर दादा तिथूनही पळेल, ही धास्ती.

पहिल्या तीन रविवारी ती नुसती मरत होती. लाकूड फोडायची कुऱ्हाड घेऊन सांगाड्यावर धावायची, दोन घाव घालताच दमाची पट्टी रिकामी व्हायची, हात वर उचलेना, की संपलं. चौथ्या रविवारी तिच्या झोपडीच्या दाराशी एक लाकडी ढाल ठेवलेली होती. शेजारी भाला. आणि थोड्या अंतरावर, झाडाआड, ‘वाटसरू’ नावाचा एकजण उभा.

‘आपण ढाल आधी घ्यावी, शस्त्र नंतर,’ त्यानं लिहिलं. ‘कुऱ्हाड लाकडाकरिता आहे. भाल्याने शत्रू लांब राहतो. एका वेळी एकाशीच लढावे.’

भाषा अशी, की जणू व्यापाऱ्याचं पत्रच. ब्राह्मीला तिथंच शंका आली. इतकं शुद्ध कोण बोलतं? जो स्वतःची बोली लपवतोय तोच.

हळूहळू वाटसरू तिला शिकवू लागला. निघण्याआधी मोडकी-तुटकी ढाल दुरुस्त करून घ्यावी. ओझं निम्मं घरी टाकून यावं, नाहीतर अंगाला चपळाई राहत नाही. डुक्कर धावून यायच्या आधी मान खाली घालतं. तेव्हा मागं नाही, बाजूला व्हावं. मागं पळणाऱ्याला ते गाठतंच. आणि त्याच रविवारी त्यानं ते लिहिलं, आपण दम राखावा.

पण चिलखत? नवख्यांना सगळे सांगतात, पहिल्या दिवशी हरणं मारा, कातडी काढा, कातड्याचं चिलखत शिवा. ब्राह्मीच्या हातून ते होईना. पडद्यावरचं हरीण ते, बटणानं मरणारं. तरी ते मान वळवून बघायचं आणि हिचं बोट थबकायचं. वाटसरूनं एकदाही हरणाचं नाव काढलं नाही. एका सकाळी त्यानं तिच्यापुढं जवसाच्या धाग्याचं विणलेलं चिलखत टाकलं. ‘हे कमी टिकते. पण चालते.’

‘कातड्याचं का नाही?’ तिनं मुद्दाम विचारलं.

उत्तर आलं, ‘जमत नाही.’

‘मग सांगाडे कसे मारता?’

‘ते आधीच मेलेले आहेत. त्याचे पाप लागत नाही.’

ब्राह्मी खोलीत एकटीच फसकन हसली आणि हसता हसता गप्प झाली.

तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. खेळातला सूर्य डोंगराआड गेला तसा तिनं भाजलेला कंद त्याच्यापुढं ठेवला. वाटसरूनं हात लावला नाही. ‘सूर्यास्त झाला. आणि कंद नको.’ त्या रानात पोट रिकामं असलं की दम लवकर सरतो. तरी हा रात्रभर उपाशी सांगाड्यांशी लढला आणि उजाडल्यावर बोरं खाल्ली.

तिच्या खोलीत राहणारी उत्कर्षा म्हसवडची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि जगात कुणावरच तिचा पटकन विश्वास बसत नसे.

“आगं ब्राह्मे, फसवतोय तुला त्यो,” केस विंचरता विंचरता ती म्हणाली. “आज ढाल दिली, उद्या ओटीपी मागंल.”

“त्या रानाचा पत्ता दादाशिवाय कुणाकडे नाही.”

“बरं, दादाच धर. कोंबड्यांच्या हॅचरीत नोकरी करणारा गडी गेममदल्या हरणाला भितोय व्हय? दिसभर अंडी मोजायची आन् रातीला कंद सोडायचा? काय बी जुळत न्हाई बघ.”

ते ब्राह्मीच्या मनात रुतून बसलं. खरंच जुळत नव्हतं. की दादा बदलला? की पश्चात्ताप झाला? की कुणीतरी त्याला ओळखणारा, त्याचा पत्ता चोरणारा, त्याचंच सोंग घेऊन बसलाय? आता ती वाटसरूच्या मागं मागं चालू लागली, त्याच्या पाठीवर डोळे रोवून. तो वळला की ही लाकडं गोळा करायची. कधी ती वळली की तोही तसाच, आपल्याकडेच बघत असलेला, घाईनं दगड उचलताना दिसायचा.

आणि मग त्यानंच विचारलं, ‘आपला घरी फोन होतो का?’

ह्याला कशाला हवं माझं घर?

‘का?’

‘सहज. आई असेल ना घरी.’

तिनं लॅपटॉप मिटला. आठवडाभर लॅबमध्ये सुया टोचताना तिला तेच दिसत होतं. आईचं विचारणारा परका कसा असेल? आणि आपला असेल तर नाव का सांगत नाही? तिनं ठरवलं, ह्या रविवारी तोंडावर विचारायचं. पळाला तर पळाला.

रविवारी दहाला ती रानात शिरली. वाटसरू ओढ्याच्या काठी होता. ‘तू’पर्यंत तिनं लिहिलं आणि झुडपातून दोन डुकरं एकदम फुटली. एकानं तिला उलथवलं, जवसाचं चिलखत फाटून गेलं. ती उठून मागं पळू लागली, पाठमोरी, घाबरी, शिकवलेलं सगळं विसरून. हातात भाला होता. तो तिनं उगारला नाही.

तेवढ्यात हेडफोनमध्ये खरखर झाली. इतके महिने मुका असलेला वाटसरू बोलला. बोलला कसला, ओरडला.

“आर्जव, मागं नगं! बाजूला हो! बाजूला, बाळा!”

आवाज घोगरा. हळदीच्या धुळीनं बसलेला. तो आवाज ती जन्मल्यापासून ऐकत होती.

वाटसरू मध्ये आला, ढाल पुढं धरून. डुकरं धडकली, धडकली, आणि ओढा ओलांडून निघून गेली. रान शांत झालं.

ब्राह्मीनं माईकचं बटण दाबलं. “अण्णा?”

पलीकडं खुर्ची सरकली.

“कोन?”

“मी ब्राह्मी.”

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. सांगलीकडच्या त्या घरातला, आर्जवच्या खोलीतला पंखा. तो कुरकुरतो, तिला माहीत होतं. आर्जवला पोहायला शिकवणारे हातही अण्णांचेच होते, ‘दम राख’ हे शब्दही मूळ त्यांचेच. तेवढं तिला सुचायला हवं होतं.

“तू व्हय,” अण्णा म्हणाले. आवाजातला सगळा कस निघून गेला होता. “मला वाटलं…”

“मलापण तेच वाटलं.” ती डोळे पुसत हसली. “तुम्ही कधी शिकलात हे?”

“दीड वर्स झालं. त्याचा कम्पुटर तसाच हाय. तुझ्या आईला सांगतो, बाजारभाव बघतोय म्हणून.” ते थांबले. “नवं माणूस दिसलं. हरणाला हात लावंना. कंद नुसताच भाजतंय, खात काय न्हाई. मी म्हटलं, आमचंच पोरगं हाय. समोर यायला लाजतंय. ओळख दिली तर निघून जाईल. म्हणून आपण-बिपण लावून बोलत हुतो.”

“का निघून जाईल?”

“आं?”

ब्राह्मीचं हसू ओठांवरच विरलं. इतके दिवस जी शंका ती रानात हुंगत फिरत होती, ती आता गपकन जागेवर येऊन बसली. “अण्णा, तुम्ही म्हणता तो रागानं गेला. मागं वळून बघितलं नाही. मग तुम्हाला बघून तो पळेल असं का वाटलं तुम्हाला? आणि एवढं जपून, लपून? तुम्ही कशाला भिता त्याला?”

“तसं काय न्हाई गं.”

“अण्णा.”

“चल, डुकरं परत येतील. ढाल बघ तुझी, चिरली आसंल.”

“राहू दे ढाल. तो का आला नाही एकदाही?”

पडद्यावर वाटसरू ओढ्याकडं तोंड करून उभा होता. त्याला चालवणारी बोटं थांबली होती. खेळातला दिवस कलायला लागला, झाडांच्या सावल्या लांबल्या, तरी तो हलला नाही.

“आला हुता,” अण्णा म्हणाले.

“कधी?”

“गेल्यावर आठव्या दिवशी. तू सुट्टीला आलेलीस बघ. तू आन् तुझी आई बस्तीत, देवाच्या दर्शनाला, गेला हुता, मी एकटाच. दुपारचं फाटकाशी हुबा राहिला. हातात बॅग तीच. म्हणाला, अण्णा, घोटभर पाणी द्या. मी कडी काढली न्हाई, ब्राह्मी. म्हणालो, ह्या घरातलं पाणी तुझ्या हाताला लागायचं न्हाई. ऊन लय हुतं त्या दिवशी. त्यो लय येळ हुबा हुता. मी आत बसून बघत हुतो. तुझ्या आईला आजवर सांगितलं न्हाई मी.”