तळ्यातली तूट

तलाव संशोधन केंद्रात बदलून आलेल्या नव्या साहेबांनी पहिल्या दिवशी चहाच्या आधी नोंदवही मागवली. सव्वीस वर्षं धान्याच्या गोदामात काढलेला माणूस. पोत्याकडे लांबून बघून आत किती कमी आहे ते सांगायचा, आणि पोतं घेऊन येणाऱ्याकडे बघून कोणी कमी केलं तेही.

तिसऱ्या पानावर साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. वर लिहिलं होतं, ‘जाळीच्या पिशव्या, प्रत्येकी वाळलेला पाणवनस्पतींचा पाला वीस ग्रॅम, तळ्याच्या तळाशी सोडल्या.’ खाली पंधरा दिवसांनी काढलेली पिशवी, वाळवून वजन पंधरा. महिन्यानं काढलेली, बारा. दोन महिन्यांनी आठ, तीन महिन्यांनी पाच. आणि या पाचासमोर संशोधक बाईंच्या अक्षरात शेरा: ‘उत्तम.’

गोदामात दोन टक्के तूट आली तरी साहेबांच्या घशाखाली घास उतरत नसे. इथे पाऊण माल गायब, आणि म्हणे उत्तम.

“टोळी आहे,” ते स्वतःशी पुटपुटले.

पिशव्या तळ्यात सोडायचं आणि बुडी मारून वर काढायचं काम नावाड्याकडे होतं. नऊ वर्षं तो रोजंदारीवर होता. त्याला कायम करायचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीला आला होता आणि महिनाअखेर सही झाली नाही तर कागद बाद होणार होता. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं आणि नावाड्याला बोलावलं.

“तळाशी कोण कोण जातं?”

“मासे जातात, साहेब.”

“माणसांचं विचारतोय.”

“मग मीच.”

“म्हणजे वीस ग्रॅम खाली नेतोस तू, पाच ग्रॅम वर आणतोस तू. मधले पंधरा?”

“कुजतात ना साहेब. प्रयोगच कुजण्याचा आहे. तळ्यातलं झाड मेलं की त्याचं पुढं काय होतं, किती दिवसांत होतं, हे बाई मोजतात. आधी चहापत्तीसारखा पाण्यात रंग उतरतो. मग बुरशी लागते, डोळ्यांना न दिसणारे जंतू लागतात. पाला मऊ पडला की गोगलगायी येतात, किडे येतात. खाऊन टाकतात.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. सव्वीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं. उंदरांनी खाल्लं, साहेब. गोदाम बदललं, कारकून बदलला, उंदीर तेच. एका म्हाताऱ्या कारकुनानं तर कुरतडलेलं पोतं टेबलावर आणून ठेवलं होतं आणि म्हणाला होता, “दातांच्या खुणा बघा, साहेब.” साहेबांनी खुणा बघितल्या नाहीत. “कात्री कुठं लपवलीस?” एवढंच विचारलं आणि त्याला घरी बसवलं. पण उंदीर निदान दिसत तरी होते. हा पठ्ठ्या न दिसणाऱ्यांवर ढकलत होता.

“या बारीक जाळीच्या पिशव्यांत तूट कमी का?”

“त्यात गोगलगायीला शिरता येत नाही.”

“म्हणजे हाताला शिरता येत नाही.”

“सडका पाला चोरून मी करू काय, साहेब?”

“तेच शोधायचंय.”

“बाईंना फोन लावा की. प्रशिक्षणाला गेल्यात, पण फोन उचलतात.”

“सामील माणसाला साक्षीदार करत नसतात.”

दुसऱ्या दिवशी साहेब दुर्बीण घेऊन काठावरच्या झुडपात बसले. नावाडी बुडी मारून गाल फुगवून वर आला तसे ते झुडपातून बाहेर धावले.

“तोंडात काय आहे? थुंक आधी.”

नावाड्यानं गाल सोडले. “श्वास होता, साहेब.”

साहेबांनी मग हुकमी डाव टाकला. जाळीची एक पिशवी घेतली, सोनाराकडून आणलेल्या काट्यावर वीस ग्रॅम पाला स्वतः मोजला, पिशवीच्या गाठीवर लाखेचं सील मारलं. तळ्याच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत ती बुडवली आणि बादली घरी नेऊन मागच्या बाथरूममध्ये ठेवली. दाराला कुलूप, किल्ली दोरीनं गळ्यात.

“पंधरा दिवसांनी वीसचे वीस भरले,” त्यांनी नावाड्याला बजावलं, “की तुझा कागद फाडला.”

“आणि कमी भरले तर?”

“कुलूप माझं, किल्ली माझी. कमी भरतील कसे?”

चौथ्या दिवशी बायकोनं विचारलं, “अहो, बाथरूममध्ये काय मेलंय?”

“सरकारी पुरावा आहे.”

“मग सरकारला सांगा, खिडकी उघड म्हणावं.”

आठवडाभर राहायला आलेली मेहुणी त्याच संध्याकाळी परत गेली. जाताना ताईच्या कानात काहीतरी कुजबुजली. साहेबांनी ते बघितलं आणि दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली.

पंधराव्या दिवशी पट्टी शाबूत, कुलूप शाबूत, सील शाबूत. पाणी मात्र कडक चहाच्या रंगाचं. पिशवी हातात बुळबुळीत लागली. केंद्रातल्या भट्टीवर साहेबांचा भरवसा नव्हता, म्हणून पाला बायकोच्या ओव्हनमध्ये दिवसभर मंद आचेवर वाळला. बायको दिवसभर शेजारी जाऊन बसली.

काटा साडेचौदावर थांबला.

साहेबांनी पुन्हा वजन केलं. काट्याचाच संशय आला म्हणून बोटातली अंगठी टाकली. ती पावतीप्रमाणे बरोबर चार ग्रॅम भरली. मग ते सावकाश बायकोकडे वळले.

“खरं सांग. किल्ली कधी काढलीस?”

“तुमच्या गळ्यातून? झोपेतसुद्धा मुठीत धरलेली असते. लिहा की, बायकोनं भाजी केली आणि मलाही वाढली नाही.”

सकाळी साहेब बादलीसकट केंद्रात आले. तुटीचा छापील तक्ता समोर ओढला. ‘माल कोणाच्या ताब्यात होता?’ या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ‘इतर कोणाची ये-जा?’ नाही. ‘तुटीचं कारण?’ इथे पेन अडलं.

नावाडी बादलीत डोकावत होता. त्यानं कडेला चिकटलेलं काहीतरी नखानं सोडवून टेबलावर ठेवलं. मुगाएवढी गोगलगाय.

“तळ्याच्या पाण्यातून आली असणार. एकटीचं काम नाही हे, साहेब. बाकीचे दिसायचे नाहीत.”

साहेब भिंगातून तिच्याकडे बघत राहिले. तिनं शिंगं बाहेर काढली आणि तक्त्यावरून निवांत चालू लागली.

“बसा,” साहेब म्हणाले. नऊ वर्षांत या खोलीत नावाड्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं. तो खुर्चीच्या टोकावर टेकला. “उंदरांच्या दातांच्या खुणा कात्रीपेक्षा वेगळ्या दिसतात?”

“लगेच कळतात की. बघितल्या तर.”

साहेबांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘किड्यांनी खाल्लं,’ आणि खाली स्वतःची सही केली. ड्रॉवर उघडून नावाड्याच्या कागदावर सही केली. नावाडी गेल्यावर त्यांनी जुन्या गोदामाला फोन लावून घरी बसवलेल्या त्या म्हाताऱ्या कारकुनाचा पत्ता मागितला. कशाला हवाय, असं पलीकडून विचारलं गेलं तेव्हा ते म्हणाले, “दातांच्या खुणा बघायच्या राहिल्यात.”

दुपारी चहा आला. चहा पिण्याआधी साहेबांनी गोगलगाय पुन्हा एकदा मोजली. एकच होती.