चौथ्या टुकटुकला डबा

तळवड्याच्या त्या छोट्याशा कंपनीत भिंतीवर घड्याळ नव्हतं. मालकांनी मुद्दामच लावलं नव्हतं. बायका काम सोडून काट्याकडे बघत बसतात, असं त्यांचं ठाम मत. मोबाइल सकाळी गेटवरच्या पेटीत जमा. तरीसुद्धा तिथल्या बावीस जणींना वेळ अगदी पाठ होती, आणि ती त्यांना शिकवली होती रेडिओनं.

गाड्यांच्या वायरी जुळवायच्या, टेप गुंडाळायची, की झाला एक हार्नेस. असं दिवसभर. डोक्यावर एफएम चालू. निवेदिका काय बडबडते ते मशिनच्या घरघरीत कळायचं नाही, गाण्याचा ठेका तेवढा पोचायचा. आणि गाणी तरी किती? मोजून सात-आठ! त्यातलं टुक-टुक-टुक करत सुरू होणारं एक इतक्या नेमानं यायचं, की दुसऱ्या टुकटुकला चहा, चौथ्या टुकटुकला डबा आणि सातव्याला चपला शोधायच्या, असा कायदाच होऊन बसला होता. सुपरवायझर रोहिदासच्या मनगटावर चांगलं घड्याळ होतं, पण हल्ली तोही त्यात बघेनासा झाला होता.

उत्कर्षाला हे तिच्या आईनं, त्या बावीस जणींतल्याच अनितानं सांगितलं, तेव्हा ती आधी पोट धरून हसली. मग तिला रागच आला. कारण तिच्या आईकडे गाणी होती! खुरपणीची, हळदीची, गौरीपुढच्या झिम्म्याची, विहिणीची टर उडवणारी. चाकणजवळच्या माहेरातून आईनं दुसरं काही आणलं नसेल, पण गाणी पोतंभर आणली होती. भाकरी थापताना एकामागून एक निघायची. कंपनीत लागून दोन वर्षं झाली आणि आता तव्यापाशी उभी राहिली की आईच्या तोंडून एकच निघायचं. टुक-टुक-टुक.

"आई, दुसरं म्हण ना काहीतरी!"

"येतच न्हाई गं. दिसभर तेच कानात वततात. मग त्येच बाहेर पडणार."

उत्कर्षा नुकतीच दहावीत गेली होती आणि आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आली होती. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न आपण सोडवू शकतो, याबद्दल सध्या तिला तिळमात्र शंका नव्हती. तिनं ठरवून टाकलं: रेडिओ बंद, पेनड्राइव्ह चालू. लाइनवरच्या प्रत्येकीला आवडतं गाणं विचारायचं, सगळी भरायची, की आईचा गळा मोकळा!

अनितानं भीत भीत रोहिदासकडे शब्द टाकला.

"लावू की ताई," तो म्हणाला, "पण टार्गेटला धक्का लागला तर पेनड्राइव्ह माझ्या खिशात."

याद्या आल्या. तरुण दीक्षानं दोन भीमगीतं दिली आणि एक कोरियन. बीडकडच्या दुर्गाबाईंनी गवळण दिली. कुणी लावणी, कुणी कोळीगीत, कुणी भजन. पण चौघींना डोकं खाजवूनही काही आठवेना, म्हणून त्यांनी टुकटुकच दिलं. त्या चौघींत आईही होती. उत्कर्षानं कपाळावर हात मारला. पण लोकशाही म्हणजे लोकशाही. तिनं ते गाणं इमानेइतबारे चार वेळा भरलं आणि सगळी गाणी उलटसुलट लावून दिली.

बुधवारी लाइनवर नुसती जत्रा. गवळणीला दुर्गाबाईंनी टेपच्या गुंडाळीवर ताल धरला. पावणेनऊला पहिलं टुकटुक झालं. सव्वानऊला दुसरं. बायका चहाला उठल्या. चहा झालेला नव्हता, तर त्यांनी करून घेतला. रोहिदास गेटवर टेम्पो उतरवून घेत होता. मग तिसरं झालं आणि दहाच्या ठोक्याला चौथं! बावीस जणींनी हात धुतले, गोल केला, डबे उघडले.

"आज भूक कामून लागंना गं मला?" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि भाकरी मोडली.

रोहिदास आत आला तो दारातच थिजला. "अहो, हे काय चाललंय?"

"जेवण."

"दहा वाजलेत!"

"चौथं झालं की, भाऊ," दीक्षानं कोशिंबिरीचा डबा पुढे केला. "घ्या."

पेनड्राइव्ह खिशात गेला. एफएम परत आलं. संध्याकाळी अनिता एवढंच म्हणाली, "तू आता नगं पडू त्यात. माझं हसं झालं चारचौघीत." आणि पीठ मळायला लागली. टुकटुकसुद्धा नाही. ते उत्कर्षाला जास्त लागलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. गणवेशातच डब्याच्या सुट्टीत कंपनीत जाऊन उभी राहिली.

"रोहिदासमामा, माझा पेनड्राइव्ह."

"घे बाई. परत आणू नको."

"आणणार! घोळ गाण्यांनी नाही झाला, घंटेवाचून झाला. तुमच्याकडे घंटाच नाही. एक गाणं चहाचं, एक डब्याचं, एक सुट्टीचं. ती तीन तुम्ही घड्याळात बघून लावायची. बाकी काहीही वाजू दे, कुणी जागची हलणार नाही."

"म्हणजे मी काय रेडिओ?"

"तुमची गाणी तरी बदलतील!"

सगळ्या खदखदून हसल्या. रोहिदासनं मान खाजवली. "सोमवारी एक दिवस. चुकलं तर एफएम."

मग जे भांडण पेटलं! शेवटी चहाला दुर्गाबाईंची गवळण ठरली. सुट्टीला दीक्षाचं कोरियन, कारण ते कळत नसलं तरी पळत सुटावंसं वाटतं. "आन् डब्याचं अनितानं द्यायचं," दुर्गाबाई म्हणाल्या. "टुकटुक सोडून बोल, बाई."

"माझ्याकडं कुठलं..." अनिता म्हणाली आणि थांबली. तिनं हातातल्या भाकरीकडे बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात सुरू केलं:

"सोडा खुरपं, बसा बांधाला,
ऊन आलं गं माथ्याला..."

दुसऱ्या ओळीशी ती अडखळली. परत पहिल्यापासून धरलं. या खेपेला पुरं झालं, आणि आवाज पार पत्र्यापर्यंत गेला.

"हे कुठं मिळंल?" रोहिदासनं विचारलं.

"कुठेच नाही," उत्कर्षा म्हणाली. "पंखे बंद करा आणि तुमचा मोबाइल धरा."

सोमवारी साडेबाराला स्पीकरमधून अनिताचा आवाज आला आणि एकवीस जणी उठल्या. अनिता मात्र टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधत बसली.

"सगळ्यांना बोलावती," दुर्गाबाई ओरडल्या, "आन् सोता उठंना!"

टार्गेट पाच मिनिटं आधी झालं. रोहिदासनं पेनड्राइव्ह काही काढला नाही.

त्या संध्याकाळी तव्यावर भाकरी टम्म फुगली आणि आई गुणगुणायला लागली. विहिणीची फजिती करणारं होतं, उत्कर्षानं कधीच न ऐकलेलं. तिनं हळूच मोबाइल उचलला.

"ठेव त्यो," आई पाठमोरीच म्हणाली. "समदंच कंपनीला न्हाई द्यायचं."

उत्कर्षानं मोबाइल ठेवला आणि ओट्यावर चढून बसली. आईनं पुढचं कडवं तिच्याकडे बघून म्हटलं, चांगलं डोळे मिचकावून.