मुशीतली काजळी

खंडेनवमीला मी गायकवाड मॅडमची तीन वर्षांची काजळी राखेने घासून काढली. चिनी मातीच्या मुशी पांढऱ्याशुभ्र केल्या, त्यांना हळदकुंकू वाहिले आणि श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजातला सर्वांत कर्तव्यदक्ष प्रयोगशाळा-साहाय्यक म्हणून ऐटीत उभा राहिलो.

मॅडमचा राग आश्विनातल्या उन्हासारखा: निरभ्र, निःशब्द, थेट कातडी गाठणारा. एकेक मूस त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, आतली कोरी शुभ्रता पाहिली, आणि परत ठेवून दिली.

"कुणी सांगितलं होतं?"

"उपकरणांची पूजा असते, मॅडम."

"घाण दिसली तुम्हाला ती?"

दिसली होती, खोटे कशाला बोलू?

त्यांचे वडील गावातल्या थिएटरात सिनेमाचे मशीन चालवत. मशीनमध्ये जळून पडद्यावर चांदणे सांडणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या टोकाशी जो काळा थर साचे, तो खरवडून ते तपकिरीच्या डबीतून लेकीला पाठवत; मॅडम तो त्या मुशींत साठवत. त्या काळोखात केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या दडल्या होत्या. पुण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली मॅडमनी त्या पाहिल्या होत्या. त्यांवर कथिलाच्या ऑक्साइडचे कण बसवून केलेली टिकली, विषारी वायूची नुसती झुळूक लागली, तरी मीटरचा काटा थरथरवी. साखर कारखान्यात मळीची टाकी धुवायला उतरलेला त्यांचा धाकटा भाऊ वर आला नव्हता. माणसाआधी दोरीने टाकीत सोडता येईल असे एक नाक त्यांना घडवायचे होते. आणि त्या दुपारी स्टाफरूममध्ये एकजण चहा फुंकत म्हणाला, "कोळसाच ना हो तो?" त्याच्या बशीचा आवाज आठवला की आजही माझ्या कानशिलात ठिणगी पडते, पण त्याच्यावर चिडण्याचा अधिकार मी त्याच सकाळी मोरीत ओतून बसलो होतो.

दसऱ्याला सोने घेऊन थिएटरात गेलो. म्हातारबांना, म्हणजे मॅडमच्या वडिलांना, घडले ते सांगितले आणि म्हटले, थोडी काजळी द्या. त्यांनी मशीनची झडप उघडून दाखवली. आत काचेचा नवा दिवा.

"कांड्या बंद झाल्या. आता काय बी साचत न्हाई."

काही उजेड जाताना मागे चिमूटभर काळोख ठेवून जातात, आणि गेलेल्या माणसाचा माग काढायला तेवढाच काळोख हाताशी उरतो. मी अपराधी चेहऱ्याने पुटपुटलो, मॅडमनी कपाटाला कुलूप तरी लावायचे होते.

म्हातारबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले.

"कुलूप चोरासाठी लावत्यात, भाऊसाहेब. येड्यासाठी कोन लावतं?"