वरचं माहं, आतलं त्याचं

अड्याळच्या खुशालनं बापाची मोटार दुरुस्त करायला काढली तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं, आणि गावाचं फारसं चुकलं नव्हतं. गाडी नुसती जुनी असती तर गोष्ट वेगळी. ही गाडी अर्धी होती. उरलेली अर्धी दोन गल्ल्या पलीकडे, सख्ख्या धाकट्या भावाच्या घरात पडून होती.

त्याचं असं झालं. दोघांचा बाप सोमाजी तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर एका साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेब देश सोडून निघाला तेव्हा थकलेल्या पगारापोटी आपली लाल, दोन सीटची, बिनटपाची इंग्रजी मोटार सोमाजीच्या गळ्यात मारून गेला. शर्यतीची गाडी ती. लांबलचक नाक, आऱ्यांची चाकं, आणि दार इतकं बुटकं की लहान पोरानंही टांग टाकून आत जावं. सोमाजीनं ती गावात आणली तेव्हा धानाची रोवणी टाकून बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढे बाजाराच्या दिवशी तो दोन्ही पोरं एकाच सीटवर कोंबायचा, खुशाल खाली आणि धाकटा धनंजय त्याच्या मांडीवर, आणि पवनीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणायचा. त्या इंजिनाचा आवाज पोरांच्या कानात मुरला होता. गाडी गावाच्या शिवेवर असतानाच धनंजय ताटावरून उठायचा आणि म्हणायचा, "बाबा आला."

बाप गेला आणि वाटणीला पंच बसले. धानशेतीच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, पाण्याचे पितळी गुंड वाटले. बोडीखालच्या, तळ्याचं पाणी मिळणाऱ्या बांधीवरून दोघांची जुंपली, आणि एकदा जीभ सुटली की भावाभावांत काय काय निघतं ते सांगायला नको. पंच म्हणाले, गाडी विका आणि पैसे वाटून घ्या. दोघंही नाही म्हणाले. एकानं गाडी घ्यावी आणि दुसऱ्यानं बांधी, तर तेही नाही. शेवटी खुशाल तावातावानं उठला.

"खोला," तो म्हणाला. "वरचं माहं, आतलं त्याचं."

पंचांना वाटलं, रागाच्या भरात बोलला, आता धाकटा म्हणेल की राहू दे दादा. धाकट्यानं खाली मान घालून सांगितलं, "खोला."

मग मिस्त्री आला. इंजिन आणि गिअरबॉक्स बैलबंडीत चढून धनंजयकडे गेलं, सांगाडा खुशालच्या गुरांच्या कोठ्यात गेला, आणि दोन भावांचं बोलणं बंद झालं. जगात भावांनी जमीन वाटली आहे, विहिरीचं पाणी वाटलं आहे, आईबापसुद्धा वाटून घेतले आहेत. चालती मोटार मधून चिरून वाटणारे हे दोनच शहाणे.

दसऱ्याला धाकट्यानं मोठ्याच्या घरी सोनं द्यायला जावं, ही रीत. खुशाल दर दसऱ्याला संध्याकाळी धुतलेला सदरा घालून ओसरीत बसायचा. सगळं गाव आपट्याची पानं देऊन पाया पडून जायचं, धनंजय यायचा नाही. "तुमीच जा ना एक डाव," असं बायको निर्मलाबाई म्हणायची. "मी मोठा हावो," असं हा म्हणायचा. वीस-बावीस दसरे असे गेले. तेवढ्या काळात वैरीसुद्धा कंटाळतो.

मग धनंजयला खर्ऱ्यानं गाठलं. आयुष्यभर तोंडात कोंबलेली सुपारी आणि तंबाखू शेवटी जबड्यात उतरली. नागपूरला ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, जीभ अर्ध्याहून जास्त गेली, तिच्याबरोबर बोलणंही गेलं, आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या. खुशाल नुकताच सोसायटीच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. गावाला वाटलं, आता तरी हा भावाच्या दारी जाईल. हा गेला तो कोठ्यात, गाडीवर रचलेलं तणस, धानाचा पेंढा, उपसायला.

"का करून राहिले?" निर्मलाबाईनं विचारलं.

"गाडी काढून राहिलो. त्याच्या दारावरून नेतो एकदा. पाहू दे त्याले, त्याच्या इंजिनाबिगर चालते म्हणा."

निर्मलाबाई भिंत धरून उभी होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी निवृत्तीचे पैसे राखून ठेवायचे, असं घरात ठरलं होतं. तिनं एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि भिंत धरतच आत गेली. तिला राग आला होता, आणि नवऱ्याची कीवही आली होती. मरणाऱ्या माणसाला खिजवायला कोणी आयुष्याची पुंजी काढत नाही, एवढं तिला कळत होतं. ते ज्याला कळायला हवं होतं त्याला कळत नव्हतं.

आमच्या भागात जे जपायचं त्यावर तणस टाकतात. खुशालनंही सांगाड्यावर दरवर्षी धानाचं नवं तणस रचलं होतं, मायेनं किंवा रागानं, त्याचं त्याला माहीत. तणसानं पावसाळाभर ओल धरली आणि वरून जपलेली गाडी खालून खाऊन टाकली. भंडाऱ्याहून आलेला, गाड्यांचे पत्रे ठोकणारा डेंटर इश्वर खाली वाकला आणि त्यानं तळाच्या पत्र्याला बोट लावलं, तर बोट आरपार गेलं. पत्र्याखालची लाकडी चौकट वाळवीनं पोखरली होती. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. सीटच्या खोबणीत कोंबडी अंडी घालून गेली होती. शाबूत होता तो पितळेचा भोंगा. रबराचा फुगा कडक झाला होता, पण दाबला की बापाच्या वेळेचाच आवाज द्यायचा.

"खुशालभाऊ, हे गाडी नाई, गाडीचं भूत आहे," इश्वर म्हणाला. "पैसा गिळंल हे."

"गिळू दे."

आणि गाडीनं गिळला. पत्रा नवा, तोही हातानं ठोकून, कारण त्या वळणाचा भाग कुठं मिळतच नाही. चौकट सागाची करवली. चाकाच्या आऱ्या नागपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं एकेक करून वळल्या. टायर त्या मापाचे देशात नाहीत म्हणून बाहेरून मागवले, तर मालापेक्षा कर जास्त. ब्रेकचे भाग विलायतेहून आले ते दुसऱ्याच मॉडेलचे, परत पाठवले, पुन्हा दोन महिने वाट. कागद अजून मेलेल्या बापाच्या नावावर, त्यामुळे गाडी गावाच्या रस्त्याबाहेर न्यायची सोय नाही. निर्मलाबाईच्या गुडघ्यांचे पैसे संपले, मग बोडीखालची ती बांधी विकली, जिच्यावरून भांडण पेटलं होतं आणि जी शेवटी खुशालच्या वाट्याला आली होती. इतकं होऊनही गाडी हलत नव्हती, कारण तिच्या पोटात काहीच नव्हतं.

"आता इंजिन," इश्वर म्हणाला. "अस्सल इंजिन दोन गल्ल्या सोडून आहे. जाऊन मांगा. मी सांगतो, खर्च वाचंल, जीव वाचंल."

"त्यानं कवाचंच भंगारात इकलं असंल."

"पाहिलं का तुमी?"

खुशालनं पाहिलं नव्हतं. कोणे एके काळी धनंजयच्या दारातून टेम्पोत काहीतरी लोखंड चढताना कोणी पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरलं. माणसाला जे मानायचं असतं त्याला पुरावा थोडाच लागतो. खरं म्हणजे त्याला जाऊन मागायची भीती वाटत होती. भाऊ देणार नाही ही भीती होती, आणि तो देईल याची त्याहून जास्त होती. भावानं हसून दिलं तर मग एवढी वर्षं कशापायी घालवली, याचं उत्तर कोणाला देणार?

नागपूरच्या भंगारबाजारातून एका जुन्या जीपचं इंजिन आलं. ते त्या लांब नाकात मावेना. आधीच्या इंजिनाच्या बैठका, मधला आडवा दांडा आणि पुढची भिंत कापावी लागणार होती. इश्वरनं कटर उचलला आणि परत खाली ठेवला.

"एकदा कापलं का मंग हे वापस नाई होत," तो म्हणाला. "असली इंजिन उद्या भेटलं तरी बसाचं नाई. चेसिसच कमजोर आहे, दुसऱ्यांदा वेल्डिंग झेलत नाई. आठ रोज थांबा. मीच जाऊन इचारतो."

दोन गल्ल्या पलीकडून बातम्या येत होत्या. धनंजयच्या पोटात आता पाणीही ठरत नव्हतं. खुशालजवळ आठ रोज नव्हते.

"काप," तो म्हणाला.

गाडी निघाली ती भर दुपारी. नाकावरच्या झाकणाखाली जीपचं इंजिन मावलं नव्हतं, म्हणून वर ठोकून उंचवटा काढला होता. लाल रंग मात्र तसाच, उन्हात झळकत होता. खुशालनं बापाचा फेटा बांधला होता. शेजारची सीट रिकामी होती. निर्मलाबाईला तो बैस म्हणाला, पण तिला ते बुटकं दार चढवेना.

गल्लीच्या वळणावर येऊन त्यानं भोंगा दाबला.

धनंजयची खाट ओसरीत होती. भोंग्याचा आवाज आला आणि कित्येक दिवस मान न उचललेला तो माणूस कोपरावर उठला. चंदा, त्याची बायको, धरायला धावली तर त्यानं तिचा हात बाजूला केला आणि एका हातानं कपाळावरचे केस सारखे केले. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. खुशालनं ते लांबूनच पाहिलं. मग गाडी वळण घेऊन गल्लीत आली, आणि इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूच्या भिंतींवर आपटला. जीपचा तो जाड, खडखडणारा आवाज.

धनंजयचं हसू मावळलं. त्यानं झाकणावरच्या उंचवट्याकडे पाहिलं. मग मोठ्या भावाकडे पाहिलं, बराच वेळ. खुशालनं गाडी थांबवली होती. धनंजय सावकाश आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. खुशालनं गिअर टाकला. आपण जिंकलो असं त्याला वाटायला हवं होतं, पण कोठ्यापर्यंत येताना त्यानं भोंगा एकदाही दाबला नाही.

त्याच आठवड्यात धनंजय गेला. मयतीला वैरीही जातो; खुशालनं खांदा दिला, आणि घाटावरून आल्यावर दोन दिवस अन्नाला शिवला नाही.

तेरवी झाल्यावर चंदानं निरोप पाठवून खुशालला आणि निर्मलाबाईला बोलावलं, आणि इश्वर मिस्त्रीलाही घेऊन या म्हणाली. ती दाराआड उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. खुशाल तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ; जुन्या रीतीप्रमाणे भासऱ्यांशी ती थेट बोलत नसे. जे सांगायचं ते जावेला सांगायची आणि त्यानं ऐकायचं.

"बाई, त्यायले म्हणा, पुढच्या खोलीत पाहा."

पुढच्या खोलीत सागाच्या घोडीवर इंजिन ठेवलेलं होतं. तेलात भिजवलेलं गोणपाट इश्वरनं बाजूला केलं आणि तो मागे सरकला. धुळीचा कण नव्हता. धातू असा स्वच्छ की जणू काल उतरवला. एका कडेला हळदी-कुंकवाच्या बोटांचे ठसे होते, एकावर एक, जुने काळे पडलेले आणि वरचे ताजे. वर आपट्याची सुकलेली पानं होती.

"दर दसऱ्याले धूत-पुसत," दाराआडून आवाज आला. "तेल टाकत, हातानं फिरवत, पूजा करत. म्हणत, खोला असं दादानं म्हटलं होतं, आता दे असंही त्यानंच म्हणावं. एकदा म्हणू दे, खांद्यावर नेऊन देईन. सोनं द्याले जा म्हटलं तर पानं याच्यावर ठेवत. दादाचं सोनं हेच आहे म्हणत."

निर्मलाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

"तुमच्या कोठ्यात ठोकाठोक सुरू झाली, तवा बोलता येत नव्हतं त्यायले. बोटानं दाखवलं, हे पुढच्या खोलीत आणा. चार माणसं लावून आणलं. मंग रोज दाराकडं पाहत राहिले, आता मांगाले येतीन म्हणून. त्या दिवशी भोंगा वाजला तवा त्यायले वाटलं, इंजिन न्याले आले."

खुशालनं पुढे होऊन हँडल धरलं. फिरवलं. इंजिन कुठंही न अडता फिरलं, आतून हलकेच श्वास सोडल्यासारखा आवाज आला, तोच, बापाचा. तो इश्वरकडे वळला. इश्वरनं नाही म्हणून मान हलवली. कापायच्या आधी जे सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं.

"तिले सांग," खुशाल बायकोला म्हणाला. "सांग तिले, याची जागा मी कापून टाकली. हे बसत नाई आता."

खुशालनं गोणपाट उचलून पुन्हा इंजिनावर पांघरलं.

"इथंच राहू दे म्हणा. मी येत जाईन. तेलपाणी मी करीन. दर दसऱ्याले मीच येईन म्हणा तिले."

निर्मलाबाई डोळे पुसून सांगायला वळली, पण तिला सांगावं लागलं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून भासऱ्यांशी एक शब्द न बोललेली चंदा दाराआडून बाहेर आली. डोक्यावरून घसरलेला पदर तिनं सावरला नाही. ती खुशालच्या समोर उभी राहिली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "आता कायले?"