अळणी डबा आणि मी

मी एक जुने, पाऱ्याचे बीपीचे यंत्र आहे. मित्रांनो, गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका, माझे डोके फिरले आहे. वर्ध्याजवळच्या एका इस्पितळात माझे आयुष्य गेले. नवे होते तेव्हा मोठे डॉक्टर मला स्वतः पुसून ठेवत. पुढे बटणाची यंत्रे आली आणि मी कपाटावर गेले. आता त्यांचे सेल संपले की माझी आठवण होते, आणि आकडा पटला नाही की मलाच थापड बसते.

सेलू गावच्या नलूसाठी मला असेच खाली काढले. तिचे डोके मधूनच ठणकायचे, घाम सुटायचा, छाती धडधडायची. घटकेत माझा पारा वर, घटकेत जागेवर. घरचे म्हणत, नाटकं करते. शेवटी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ सापडली. तीच रक्तात नको तो रस सोडत होती. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी नसा सैल करणारे औषध सुरू केले आणि बजावले, मीठ-पाणी भरपूर द्या.

नलूच्या सासूबाई, सुलोचनाबाई, घरून डबा आणत. वरण अळणी, भाजी अळणी. इस्पितळातले मिठाचे ताक त्या स्वतःच पिऊन टाकत. मी उशाशी बसून बघत होते आणि जळत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अंजू सिस्टरने नलूला उभे करून बीपी मोजले. पारा घसरला आणि नलू पलंगावर कोसळली.

"मशीनच खराब हाय," म्हणत सुलोचनाबाईंनी मला थापड मारली.

अंजूने डबा उघडून वरण चाखले. "आई, मीठ काऊन नाई टाकलं?"

"बीपीनं माह्या मालकाचं अर्धं अंग गेलं. तवा डॉक्टरच म्हणे, मीठ बंद. आता हिले देऊन मारू का?"

"हिचं बीपी गाठीचं हाय. औषधानं नसा सैल झाल्या. मीठ-पाण्यानं त्या भरल्या नाई, तं गाठ काढल्याबरोबर बीपी पडंन. मंग नलू हाती लागत नाई."

सुलोचनाबाईंनी अळणी डबा बाजूला सारला. ऑपरेशन पुढे ढकलले. दुसऱ्या दिवसापासून त्या समोर बसून सुनेला ताक पाजू लागल्या.

गाठ निघाली तेव्हा बीपी खरेच कोसळले होते. अंगात पाणी होते म्हणून सलाईनने आणि औषधाने सावरले, असे अंजूने सांगितले. नलू वॉर्डात परत आली. गाठ निघाल्यावर साखरही उतरू शकते, म्हणून सिस्टर ती वरचेवर तपासत होत्या; मला तर क्षणाची उसंत नव्हती. पारा जागेवर राहिला.

मी पुन्हा कपाटावर आहे. राग त्याचा नाही. त्या घराने आधी नलूला खोटे ठरवले, मग मला, आणि आम्ही दोघेही खरे सांगत होतो. मित्रांनो, यंत्रे पुसा, जपा. आणि आकडा पटला नाही, तर थापड मारण्याआधी शेजारचा डबा चाखून बघा.