कुंकवाआधी

हर्षालीनं नव्या यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवून बाजूला ओढलं. पिवळी रेघ आधी जागची हलली नाही. मग झोपेतून उठवल्यासारखी हळूच सरकली.

"ऐकते, पन दुसऱ्या हाकेले," ती म्हणाली.

"तुया बापावर गेली," भागाबाई म्हणाली. तिच्या हातात हळदीकुंकवाची वाटी होती. "लावू का आता?"

"थांब माय. कुंकू लागलं का परत घेत नाई ते लोकं. डाग नको, वरखडा नको. सांजच्याला कुरिअरवाला येते."

मायलेकींच्या त्या दुकानात मोटारींचे स्टार्टर नि इन्व्हर्टर दुरुस्तीला येत. विजेची चाल रेघ काढून दाखवणारा हा ऑसिलोस्कोप हर्षालीनं ऑनलाइन मागवला होता. स्वस्तातला, तळहातापेक्षा थोडा मोठा, बोटानं चालणारा. स्थळ म्हणून आलेल्या पाहुण्याला वागवावं तसं ती त्याला वागवत होती: खुर्ची दिली होती, विश्वास दिला नव्हता.

स्टुलावर जिनिंगचे फोरमन यशवंतराव बसले होते. त्यांनी आणलेला ड्राइव्हचा बोर्ड, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट, टेबलावर पडला होता. मोटार चालता चालता मधूनच हिसका खाई. कापूस यायला लागला होता, आणि हिसका खाणाऱ्या मोटारीवर जिनिंग चालत नाही.

"नागपूरच्या गाडीपर्यंत सापडलं तर यंदाचे सगळे बोर्ड तुयाकडं," ते म्हणाले. "नाई सापडलं तर हा बी नागपूरले जाईल, अन् बाकीचे बी. मग मले बोल लावजो नको."

"बोल काऊन लावू काका? चाय घ्या."

यशवंतरावांनी चहा घेतला. फुकटच्या चहाला ते नाही म्हणत नसत, आणि चहा संपेपर्यंत मत देत नसत.

हर्षालीनं तपासणी सुरू केली. तपासणीसाठी यंत्रावरच एक टोक दिलेलं होतं, त्याला तार लावली. चौकोनी लाट यायला हवी होती; आली ती कोपरे झिजलेल्या साबणासारखी. तारेच्या मुठीतला बारीक स्क्रू तिनं पेचकसानं किंचित फिरवला. कोपरे टोकदार झाले.

"पास?" भागाबाईनं वाटी पुढं केली.

"माय!"

मग तिनं जुन्या रेडिओचा बोर्ड जोडला. त्यातली लाट वेगाची होती, आणि ती किती उंच यायला हवी हे तिला ठाऊक होतं. पडद्यावर जेमतेम निम्मी उंची आली. तिनं तार बदलली, पुन्हा लावली. तेवढीच.

"डब्यावर त वेगाचा लय मोठा आकडा हाय," यशवंतरावांनी डबा लांब धरून वाचला.

"बायोडाट्यातला पगार हाय तो," हर्षाली म्हणाली. हसली मात्र नाही.

"मंग परत कर पोरी. खोटं बोलनाऱ्या मशीनीवर धंदा नको करू. मी निंगतो."

भागाबाई वाटी घेऊन दारात जाऊन उभी राहिली, पाठ करून.

हर्षालीनं तारा काढल्या. डबा उघडला, फोम नीट बसवला. यंत्र उचलून पालथं केलं आणि तसंच धरून राहिली. पाठीवर एकदा अंगठा फिरवला. दाराकडे पाहिलं. मग डबा बंद केला, टेबलाखाली ठेवला आणि यंत्र पुन्हा सुलटं उभं केलं.

"बसा काका."

"आता काऊन?"

"वेगात खोटं बोलते ते. तुमच्या बोर्डाचे विजेचे ठोके कुठं एवढे वेगाचे हायेत? हळू विचारलं का खरं सांगते."

तिनं बोर्डाला फक्त कमी दाबाची वीज दिली आणि ठोके जातात त्या टोकाला तार लावली. पडद्यावर खांबांसारखी रांग उभी राहिली. सगळे सारखे. यशवंतरावांनी घड्याळ पाहिलं. हर्षालीनं घामेजलेलं बोट ओढणीला पुसलं आणि यंत्राला हुकूम दिला: ठोका चुकला की तिथंच थांब. बोट दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा हुकूम बसला.

मग तिनं बांबूची काडी घेतली आणि बोर्डाचा एकेक भाग हळूच दाबत गेली. दाबायचं, पाहायचं, पुढं सरकायचं. यशवंतराव उठले, पिशवी घेतली, चपलेत पाय घातला.

पडदा थिजला. रांगेत एका खांबाची जागा रिकामी होती.

काडी जिथं टेकली होती तिथं तिनं भिंग धरलं. सुटत आलेला सोल्डरचा टाका, केसाएवढी भेग. तिनं टाका पुन्हा मारला, काडी पुन्हा दाबली. रांग भरलेलीच राहिली.

यशवंतरावांनी पायातली चप्पल काढली. "नागपूरवाल्यानं त अख्खा बोर्डच बदलाले लावला असता," ते म्हणाले आणि बोर्ड पिशवीत घालता घालता थांबले. "अजून दोन पडले हायेत जिनिंगवर. उद्या आनतो."

ते गेले. भागाबाई आत आली. वाटीतलं कुंकू तिनं बोटानं उगाच सारखं केलं.

"आता लावू का?"

"लाव," हर्षाली सोल्डरिंगची पिन पुसत म्हणाली. "या खेपेले वरून लाव. पाठीवरचं पाह्यलं मी."

भागाबाईचं बोट हवेतच राहिलं.

"सकाळी तू आंघोळीले गेली होती तवा," ती म्हणाली. "मले मशीनीतलं काय समजते?"

"मंग लावलं काऊन?"

भागाबाईनं पडदा सांभाळून, अगदी कडेला, टिकली लावली.